मदत हवी आहे: जुनं ठाणं पायी दाखवायचंय, गाइड सुचवा

मंडळी, पुण्याहून मामा-मामी आणि त्यांचा भिशीचा ग्रुप, एकूण अकरा जण, येत्या रविवारी येताहेत. "तलावपाळी सोडून तुमच्या ठाण्यात आहे काय?" असं मामा फोनवर म्हणाले, तेव्हापासून डोकं फिरलंय.

ठरवलेला रस्ता असा: १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी आली ते स्टेशन, चेंदणी कोळीवाडा, कौपिनेश्वर मंदिर, मासुंदा तलाव, जवळचं जुनं चर्च, १८७९ चं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आणि शेवटी किल्ला, म्हणजे आजचा तुरुंग. आत सोडणार नाहीत हे कळतं हो, पण १८१६ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून इथून कसे निसटले, ते भिंतीबाहेर उभं राहून रंगवून सांगणारं कुणीतरी हवं. मागच्या वॉकला गाइडच्या माइकचा सेल संपला आणि आम्ही तासभर रिक्षांचे हॉर्न ऐकले.

तर, मराठीत सांगणारा चांगला गाइड कुणाला माहीत आहे का? सिनेगॉग आतून बघायला आधी परवानगी काढावी लागते का? मामींचे गुडघे धड नाहीत, मध्ये टेकायला सावली कुठे मिळेल?

मिसळ कुठे खायची ते विचारत नाहीये, त्यावरून घरातच दोन तट आहेत.