मित्राच्या घरचा मुक्काम म्हणजे फुकटेपणा? मग आमचे नऊ दिवस ऐका

दिग्रसचा कास्तकार

परवा इथं एका भावानं लिहिलं, "लेकरंबाळं अन् म्हातारी माणसं गाडीत कोंबून आठ-आठ दिवस मित्रांच्या घरी मुक्काम करत फिरणं हा फुकटेपणा आहे. समृद्धी महामार्गानं जा, लॉजवर उतरा, तासभर भेटा, परत या." वाचलं तेव्हापासून डोकं फिरलं आहे. लांब लिहीन, वाचायचं त्यानं वाचावं.

आम्ही संक्रांत झाल्यावर निघालो. मी, बायको, दोन लेकरं अन् आई. कापसाची दुसरी वेचणी उरकली होती, तूर सोंगून वावरात गंजी लागली होती, थ्रेशरचा नंबर दहा दिवसांनी होता. गोठा शेजारच्या काकांकडं सोपवला. अमरावतीच्या होस्टेलवर आम्ही आठ जण एका पंगतीत बसायचो, त्याला पंचवीस वर्षं झाली. आता भेट होते ती लग्नात नाही तर मयतीत. एकमेकांचं घर कोणी धड पाहिलेलं नाही. यवतमाळ, वणी, ब्रह्मपुरी, भंडारा, वरूड, परतवाडा, मेहकर, अन् घर. नऊ दिवस, काट्यावर सव्वा अकराशे किलोमीटर.

ब्रह्मपुरीला पोचता पोचता रात्रीचे साडेआठ झाले. मित्राची आई अंगणात शेकोटीजवळ बसलेली. तिची अन् माझ्या आईची त्याआधी कधी भेट नव्हती. अर्ध्या तासात दोघी एका घोंगडीत. रात्री दीडला मी पाणी प्यायला उठलो तर दोघी जाग्याच. माझी आई सांगत होती, २०१७ साली पऱ्हाटीवर बोंडअळी पडली अन् त्याच हंगामात माझा बाप कसा गेला. ती माउली सांगत होती, धानाची रोवणी चालू असताना तिचा मालक बांधीतच कसा पडला. बापाचं जाणं आईनं माझ्यासमोर कधी काढलं नव्हतं. मी माठाजवळ अंधारात तसाच उभा राहिलो. हे लॉजच्या खोलीत झालं असतं का, ते त्या भावानं मला सांगावं.

निघताना डिक्कीत एचएमटी तांदळाचं अर्धं पोतं आलं. नागभीडवरून येताना मी लेकरांना सांगितलं होतं की हे वाण याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या बांधीत निवडून काढलं, अन् त्याला नाव दिलं घड्याळाचं. पोरगी सात वर्षांची आहे. रोज ताटात भात आला की विचारते, "हा घड्याळवाला का?" फुकटेपणा म्हणणाऱ्यानं शब्द परत घ्यावा.

नागपूरचा इंजिनीअर

ती पोस्ट माझी होती. शब्द कडक झाला असेल, पण मी तो परत घेत नाही.

तुम्ही पाहुणे म्हणून लिहिलं, मी घरवाला म्हणून लिहितो. मी नागपुरात दोन खोल्यांत राहतो. नागपूर सगळ्यांच्या वाटेवर पडतं. मागच्या जानेवारीत मुलाची दहावीची पूर्वपरीक्षा होती, बाबांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस होतं, आणि सहा माणसं बुटीबोरीवरून फोन करून मुक्कामाला आली. तीन दिवस राहिली. मुलगा जिन्यात बसून अभ्यास करत होता. जुन्या मित्राला "या" म्हणावंच लागतं, दुसरा शब्द तोंडातून निघत नाही. त्या "या"चा अर्थ पाहुण्यानं समजून घ्यायचा असतो. तुमच्या सात मित्रांपैकी एखाद्याकडे काय चाललं होतं, तुम्ही विचारलं होतं का?

आणि दुसरं. वणी ते चंद्रपूर कोळशाच्या ट्रकांमागून लेकरं अन् म्हातारी नेण्यात काय शहाणपण? नागपूरवरून समृद्धीला लागला असता तर मेहकर तीन-साडेतीन तासांत आलं असतं. निम्मे दिवस तुम्ही नुसते रस्त्यात घालवले.

धामणगावचा ड्रायव्हर

समृद्धीचं नाव निघालं म्हणून बोलतो, नाही तं मी वाचूनच घेतो. मी बावीस वर्षं गाडी चालवून राहिलो. साहेब, तो रस्ता म्हाताऱ्या माणसाचा अन् लेकरांचा नाही. कारले १२० ची मर्यादा, सरळसोट सिमेंट, ना गाव ना झाड. तासाभरात डोळे उघडे असून डोकं झोपते. अन् टायर. हवा कमी असली की टायरची बाजू दबते, दबली की तापते, अन् उन्हाळ्यात खालून सिमेंट तापलेलं. निघताना हवा पाहणारे शंभरात दहा नाहीत. १ जुलै २०२३ ले सिंदखेडराजापाशी बस जळाली, २५ माणसं गेली. त्या रस्त्यानं आजी घेऊन जा म्हणता?

पुसदचा मास्तर

ड्रायव्हर दादा, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून सांगतो, रस्त्याला दोष देऊ नका. माझ्या वडिलांना २०२३ च्या पावसाळ्यात झटका आला. डॉक्टर म्हणाले, नागपूरला हलवा. रात्री अकराला निघालो, कारंजाला समृद्धीवर चढलो आणि पहाटेच्या आत पोचलो. जुन्या रस्त्यानं गेलो असतो तर वडील वाटेतच गेले असते. आज ते ओट्यावर बसून पेपर वाचतात. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, तेव्हा मीही नाकं मुरडली होती. आता नाही मुरडत.

मूर्तिजापूरकर

समृद्धी समृद्धी काय लावलं आहे? आमच्या गावाला विचारा. अमरावती ते अकोला रस्त्यानं कित्येक वर्षं आमचं कंबरडं मोडलं. मग जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत केलं अन् गिनीज बुकात नाव गेलं. चांगलं झालं, मी वाईट म्हणत नाही. पण आमची शकुंतला रेल्वे कुठं आहे? यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर, अचलपूर, सगळी सोयरीक त्या गाडीनं बांधलेली होती. कापूस न्यायला इंग्रजांच्या काळात टाकलेली छोटी लाइन, १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन ओढत होतं. माझी आजी डब्यात बसून शेंगा सोलत सोलत माहेरी जायची, उतरेपर्यंत भाजीपुरते दाणे तयार. गरिबानं मित्राकडं जायचं कसं? कार सगळ्यांकडं नाही. यावर कोणीच बोलत नाही.

नागपूरचा इंजिनीअर

विषय शकुंतलेचा नाही. आणि ड्रायव्हर दादा, २५ जणांच्या मरणाचा दाखला देऊन रस्ता वाईट ठरवू नका. मर्यादा १२० ची आहे म्हणून १२० नंच चालवा असं कोणी सांगितलं नाही. ज्याला वेग सांभाळता येत नाही त्यानं गाडीच चालवू नये.

धामणगावचा ड्रायव्हर

कोणाले वेग सांभाळता येत नाही? माह्या साळ्याले? पंधरा वर्षांत त्याच्या गाडीले ओरखडा नव्हता. पुण्याचं भाडं टाकून रातच्यान वापस येत होता, मालकानं झोपू दिलं नाही, दुसरं भाडं सकाळी सातचं होतं. कारंजाच्या अलीकडं पुढच्या कंटेनरले मागून लागला. त्याची पोरगी चौथीत हाये. तुम्ही एसीत बसून लिहून राहिले की गाडी चालवू नये. आमाले गाडीवरून उतरायले सांगणारे तुम्ही कोण? माह्या घरी या अन् त्या लेकराच्या तोंडासमोर हे वाक्य बोला.

नागपूरचा इंजिनीअर

ते वाक्य मी मागे घेतो. मला माहीत नव्हतं. माफ करा.

कारंजाची सून

दोन दिवस वाचते आहे. टायर झाले, सिमेंट झालं, शकुंतला झाली. मी मेहकरची लेक, कारंजाची सून. आता माझं ऐका.

कास्तकार भाऊ, तुमच्या लिहिण्यात सात घरं आली, मित्र आले, मित्राची आई आली. सात घरच्या सात वहिन्या कुठं आहेत? एकीचाही उल्लेख नाही. त्या नव्हत्या का घरात?

आमच्याकडं या हिवाळ्यात अशी तीन कुटुंबं येऊन गेली. पाच पाहुणे म्हणजे सकाळी पोहे, दुपारी पंचवीस पोळ्या, रात्री पुन्हा पंचवीस, मधात चार वेळा चहा. पाहुण्यांच्या आजीला दात नाहीत, म्हणून तिची भाकर वेगळी, दुधात कुस्करून. दुसऱ्या रात्री नऊला गॅस संपला. सगळे अंगणात बसले होते. मी कोणाला काही बोलले नाही, मागच्या दारी चूल मांडली. तुराट्या दवानं ओल्या, पेटता पेटेनात. फुंकणीनं फुंकून डोळ्यांतून पाणी, अन् समोरून हसण्याचा आवाज. माझं ताट सगळ्यांच्या शेवटी. तोवर भरल्या वांग्यातली वांगी संपून नुसता रस्सा राहिला होता. सकाळी पाचला उठून पुन्हा पाणी तापवलं, साडेसातला मजूर बायांसोबत वेचणीला गेले.

पाहुणे मला नकोत असं नाही. मी माहेरी असताना आमचं घर कधी रिकामं नव्हतं. पण मुक्कामाचं सुख ज्यांनी घेतलं तेच त्याचं गुणगान करतात, अन् ज्या राबल्या त्यांना कोणी विचारत नाही. इंजिनीअर भाऊंनी लॉज सुचवला तोही मुलाच्या परीक्षेसाठी. तुमच्या घरी त्या सहा माणसांचा स्वयंपाक कोणी केला, ते तुम्हीही नाही लिहिलं.

दिग्रसचा कास्तकार

ताई, आम्ही कुठंच रिकाम्या हातानं गेलो नाही. प्रत्येक घरी पाच किलो तुरीची डाळ नेली, घरच्या वावरातली.

कारंजाची सून

डाळ शिजवली कोणी, भाऊ?

दिग्रसचा कास्तकार

मी यांची बायको, यांच्या मोबाईलवरून लिहिते. हे आत्ता वावरात गेले.

ताई, तुमचं लिहिलेलं मी रात्री दोनदा वाचलं. मी सातही घरी स्वयंपाकघरातच होते. घरी माझ्या रोजच्या पोळ्या वीस, तिथं वहिनीला हात लावता लावता चाळीस. रथसप्तमी व्हायची होती म्हणून प्रत्येकीसाठी वाण नेलं होतं. ते देतानाच काय ती दोघी पाच मिनिटं खाली बसायचो. हे खरं आहे अन् यांच्या लिहिण्यात ते यायला हवं होतं.

पण मला लॉजही नको. वरूडच्या वहिनी घराला लागून संत्र्याची रोपवाटिका पाहतात. दुपारी त्या मला तिथं कलम बांधायला घेऊन गेल्या. जंबेरी लिंबाच्या रोपावर टी सारखी चीर द्यायची, साल अलगद उचलायची, संत्र्याचा डोळा आत सरकवायचा अन् वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची, डोळा तेवढा उघडा ठेवायचा. माझा पहिला डोळा उलटा बसला. त्यांनी माझं बोट धरून दुसरा बसवून घेतला. माझं लग्न होऊन सोळा वर्षं झाली, या सोळा वर्षांत कोणी मला काही नवीन शिकवलं असं मला आठवत नाही. लॉजवर उतरून तासभर चहा प्यायला गेले असते तर त्या बैठकीत बसल्या असत्या अन् मी पण.

घरी आलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. घर बंद राहून कोंदट, दूध नाही, लेकरं पेंगलेली. मी पदर खोचून तांदूळ धुवायला घेतले तर शेजारच्या काकू आल्या. त्यांनी चुलीवर खिचडी झाकून ठेवली होती, गरम. स्वतः ताटं घेतली, मला म्हणाल्या, तू बस. मी खाली बसले अन् मला रडूच आलं. हे म्हणाले, दमली असशील. दमले होतेच. पण नऊ दिवसांत पहिल्यांदा कोणी मला वाढलं होतं, अन् मी ताटावर बसून जेवत होते.

कारंजाची सून

ताई, माझंही रडून झालं वाचून. तुम्ही आमच्याकडं या. फक्त वेचणीच्या दिवसांत नको, उन्हाळ्यात या. अन् आधी मला फोन करा, आमच्या घरच्यांना नाही.

पुसदचा मास्तर

हे मला कधी सुचलंच नाही. मित्राला फोन करतो, वहिनींना नाही. पंचेचाळीस वर्षं.

दिग्रसचा कास्तकार

मी आलो वावरातून. वाचलं. माझी चूक आहे, कबूल करतो. सातही वहिन्यांना आज फोन लावतो. पण इंजिनीअर साहेब, फुकटेपणा हा शब्द मला अजून खुपतो. आईची ती रात्र मी कोणत्याच हिशेबात मांडू देणार नाही.

नागपूरचा इंजिनीअर

फुकटेपणा हा शब्द तुमच्या घराला लागू नाही, एवढं मान्य. बाकी माझं मत तेच. विचारल्याशिवाय मुक्काम नको, आणि विचारताना समोरच्याला "नाही" म्हणायला जागा ठेवा. त्या तीन दिवसांत बायकोनं शाळेतून रजा काढली होती, हे मला काल ताईंचं वाचल्यावर आठवलं. तिला दाखवलं. ती म्हणाली, आपण दिग्रसला जाऊ. मार्चमध्ये परीक्षा संपली की येतो. झोपायला लॉजवर जाऊ, जेवायला तुमच्याकडे. आणि एक वेळचा स्वयंपाक आम्ही दोघं करू.

दिग्रसचा कास्तकार

लॉज दिग्रसला आहे, पण माझी आई तुम्हाला जाऊ देणार नाही. ते तिच्याशी बोला.

धामणगावचा ड्रायव्हर

नागपूरहून दिग्रसले येत असाल तं वर्धा, यवतमाळ, दारव्हा असे या, वाटेत चहाले थांबता येते. समृद्धीनंच यायचं असन तं कारंजाले उतरा अन् मानोऱ्यावरून या. हवा सकाळी टायर थंडे असताना पाहून घ्या, पंपापर्यंत गाडी पळवून नेल्यावर नाही. दर तासाले थांबा. घाई करू नका.