ट्रकच्या एसीचा कंडेन्सर लीक, वेल्डिंग करू का नवीन टाकू? (नागपूर)

कापसीचा गाडीवाला:
राम राम मंडळी. माझी एकच गाडी आहे, २०१९ ची १२ चाकी. केबिनला एसी कंपनीचाच. हिंगणघाटहून रुईच्या गाठी भरून कोइमतूर लाइनवर चालते. एक खेप मी नेतो, एक खेप माझे काका नेतात. काकांचं वय ५६, बीपीची गोळी सुरू आहे. त्यांच्यापायीच हे लिहून राहिलो.

एप्रिलमध्ये जांबच्या अलीकडं एक गिट्टीचा टिप्पर पुढं होता, वर ताडपत्री नाही. एक गोटा उडून सरळ पुढच्या जाळीतून आत गेला. तेव्हा काही कळलं नाही. पण आठ-दहा दिवसांत एसी गार हवा द्यायचा थांबला. एका ठिकाणी गॅस भरला, आठ दिवस चालला. दुसऱ्या ठिकाणी पुन्हा भरला, तो तीनच दिवस. आता एक मिस्त्री म्हणतो ॲल्युमिनियम वेल्डिंग मारून देतो, हजाराच्या आत काम. दुसरा म्हणतो नवीनच टाका.

कंडेन्सरचा (एसीचा गॅस थंड करणारा, रेडिएटरसारखा भाग) फोटो टाकला आहे. मधोमध गोट्याचा मार दिसतो. खाली डाव्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा काळा तेलकट डाग आहे. नवतपा लागायला बारा दिवस राहिले, त्याच्या आत गाडी नीट करायची आहे. रेडिएटर उतरवावा लागेल का? आणि ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा डबा) बदलायचाच का, की तो दुकानदाराचा धंदा आहे?

पारडी नाका:
भाऊ, वेल्डिंगच्या नादी लागू नका. मागच्या वर्षी मी मारून घेतलं होतं. महिनाभर चाललं, मग त्याच टाक्याच्या बाजूला भेग. गॅसचे पैसे पुन्हा गेले आणि शेवटी नवीनच टाकला.

वाडीचा एसी मिस्त्री:
बावीस वर्षं हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोटो मोठा करून पाहिला. भाऊ, मार मधोमध आहे आणि तेल खाली कोपऱ्यात. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेल फिरत असते. जिथून गॅस निघतो तिथंच तेल येते, त्यावर धूळ बसते आणि डाग काळा होतो. मारापाशी फिन (नळ्यांमधल्या पातळ पात्या) वाकल्या आहेत, पण तिथं कोरडं दिसते. म्हणजे गॅस गोट्याच्या जागेतून नाही, त्या कोपऱ्यातून जाऊन राहिला. तिथं कंडेन्सर पट्टीवर बसतो आणि मध्ये रबर असते. रबर झिजलं की पट्टी हादऱ्यानं नळी घासत राहते. गोट्याच्या झटक्यानं तो खाली सरकला असेल. आधी साबणाचं पाणी लावून खात्री करा. रबर गेलं असेल आणि ते न बदलता नवा कंडेन्सर बसवला, तर तोही तिथंच फुटेल.

वेल्डिंग का नको ते सांगतो. या कंडेन्सरच्या नळ्या चपट्या असतात, आत बारीक बारीक कप्पे आणि पत्रा अगदी पातळ. एक भोक बुजवताना बाजूचे चार कप्पे बंद होतात नाहीतर जळतात. आपल्या मे महिन्यात हाय साइडला, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूला, दाब २५० ते ३०० पीएसआय सहज जाते. तो टाका त्या दाबाला आणि रोजच्या हादऱ्याला टिकत नाही.

ड्रायर बदलायचाच. हा धंदा नाही. त्याच्या आत ओल शोषणारे दाणे असतात. तुमची सिस्टीम लीक राहून तीनदा रिकामी झाली, हवा आत गेली, ते दाणे केव्हाच भरले. ओल राहिली तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी (गॅसचा दाब उतरतो त्या बारीक तोंडापाशी) बर्फ धरतो, आणि गॅस-तेलात मिसळून आतून आम्ल बनते, ते कॉम्प्रेसर खाते. काही नव्या कंडेन्सरला ड्रायर अंगचाच असतो, घेताना विचारून घ्या. नव्या ड्रायरच्या तोंडाची बुचं पाइप जोडायच्या क्षणापर्यंत काढू देऊ नका.

तुमच्या गाडीत कंडेन्सर रेडिएटरच्या पुढं दिसतो, म्हणजे पुढची जाळी उघडली की निघेल. उरलेला गॅस नट सैल करून हवेत सोडू देऊ नका. १३४ए, म्हणजे या एसीतला गॅस, उणे २६ अंशांवर उकळतो, डोळ्यात उडाला तर डोळा जातो. मशीननं ओढून घ्यायचा.

पाइप उघडला की आतून पांढरं फडकं फिरवा. चंदेरी कण लागले तर तिथंच थांबा, कॉम्प्रेसर झिजला आहे आणि खर्चाचा हिशोब बदलतो. दोनदा गॅस भरला तेव्हा तेल कोणी टाकलं का? नसेलच. नव्या कंडेन्सरसाठी साधारण ३० ते ४० मिली लागते, पक्का आकडा कंपनीच्या पुस्तकातला घ्या, आणि गळलेलं वेगळं धरा. ओ-रिंग (पाइपच्या जोडातल्या रबरी कड्या) सगळ्या नव्या, १३४एच्याच, तेलाचं बोट लावून.

मग नायट्रोजन भरून साबणाचं पाणी. मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपानं आतली हवा आणि ओल ओढून घेणं, कमीत कमी अर्धा तास, मी पाऊण तास ठेवतो. व्हॉल्व्ह बंद करून वीस मिनिटं काट्याकडं पाहत बसायचं. काटा हलला तर गॅस भरायचा नाही. गॅस वजनावर भरायचा, केबिनच्या स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात. हात लावून ‘झालं गार’ म्हणणाऱ्याकडून काम करू नका. घाईत असलेला मिस्त्री व्हॅक्यूमच टाळतो, म्हणून तुम्ही स्वतः उभे राहा.

कामठी रोड:
काकांचं वाचून लिहावंसं वाटलं. सरकारनं १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन२ आणि एन३ ट्रकांना, म्हणजे साडेतीन टनांच्या वरच्या सगळ्या मालगाड्यांना, केबिनचा एसी सक्तीचा केला. जुन्या गाड्यांचं ज्याचं त्यानंच पाहायचं आहे. २०१३ च्या मे महिन्यात नागपूर ४७.९ वर गेलं होतं, तेव्हा मी बिना एसीची गाडी चालवत होतो. इंजिनची वाफ पायाखालून आणि ऊन काचेतून. ओला दुपट्टा दहा मिनिटांत वाळायचा. बीपीवाल्या माणसाला तसं बसवू नका. एसी होईपर्यंत त्यांची खेप रात्रीचीच ठेवा.

कापसीचा गाडीवाला:
झालं काम, म्हणून कळवतो. वाडीच्या दादा, तुमचं शंभर टक्के खरं निघालं. साबणाचं पाणी लावलं तर मारापाशी काहीच नाही आणि कोपऱ्यात फेस. खालचं रबर चिरून पार निघून गेलं होतं, पट्टीनं नळी घासून चकचकीत केली होती. दोन्हीकडचे रबर नवे टाकले.

आणखी एक गोष्ट दिसली. कंडेन्सर काढला तर त्याच्या आणि रेडिएटरच्या मधात रुई आणि धूळ बसून नमदा झाला होता, हातानं सोलून काढला. हिंगणघाटला जिनिंगच्या आवारात गाडी तासन् तास उभी राहते, तिथूनच येते हे सगळं. चढावर इंजिन गरम का व्हायचं तेही कळलं. गाठी वाहणाऱ्या भावांनो, तुमच्या गाडीतही टॉर्च मारून पाहा.

फडक्यावर कण नव्हते. ड्रायर नवा, तेल मोजून, व्हॅक्यूम पाऊण तास, मी तिथून हललो नाही. पुढं बारीक जाळीही लावली. दुपारी बाहेर ४५ होतं आणि चालत्या गाडीत हवेच्या तोंडाशी १३. काका आदिलाबादच्या पुढं गेले, काच बंद करून बोलत होते.

वाडीचा एसी मिस्त्री:
फार चांगलं केलं भाऊ. ती जाळी फार बारीक घेऊ नका, तिच्यावरच रुई बसली तर हवा अडेल, दर खेपेला झटकत जा. कंडेन्सर धुताना प्रेशरचं पाणी जवळून मारू देऊ नका, फिन झोपतात. पंधरा दिवसांनी त्याच कोपऱ्यावर बोट फिरवून पाहा आणि तेल लागलं का ते इथं लिहा.