मुलांना एन बाय फाइव्ह (पाचपट पातळ सलाइन) अजून का लावता?

रात्रपाळी: काल इथे कुणीतरी लिहिलं, "हॉलिडे-सेगर सूत्रावर पिढ्या वाढल्या, एन बाय फाइव्हला नावं ठेवणं ही फॅशन आहे." डोकंच सणकलं. वजनावरून मुलाचं सलाइन ठरवणाऱ्या १९५७ च्या त्या सूत्रातला पाण्याचा हिशोब (दिवसाला पहिल्या १० किलोंना किलोमागे १०० मिली, पुढच्या १० ला ५०, नंतर २०) मीही रोज करतो. पण त्यातलं सोडियम दुधावरून बेतलेलं. न्यूमोनियाच्या किंवा ऑपरेशन झालेल्या पोराचा एडीएच (लघवी कमी करणारं हार्मोन) चढलेला असतो, लघवी अडते, पाणी आत साठतं, रक्तातलं सोडियम पातळ होतं. वर एन बाय फाइव्हच्या बाटलीत सोडियम लिटरमागे जेमतेम ३१ मिलिइक्विव्हॅलंट, रक्तातल्यापेक्षा कितीतरी कमी! २०१८ ची अमेरिकन बालरोग अकादमीची मार्गदर्शिका २८ दिवस ते १८ वर्षं आयसोटॉनिक (साधारण रक्ताइतकं सोडियम असलेलं) सलाइन सांगते, ग्लुकोज-पोटॅशियम घालून. ही फॅशन?

जुना बालरोग: ते मीच लिहिलं. हृदयाची, किडनीची, नवजात मुलं त्या मार्गदर्शिकेत नाहीत, हे का गाळलंत? आणि नॉर्मल सलाइनचं क्लोराइड १५४, त्याने होणाऱ्या ॲसिडोसिसचं (रक्तातली आम्लता वाढण्याचं) काय? मी रोज वजन आणि सोडियम बघतो. माझ्याकडे कुणाला फिट आली नाही.

रात्रपाळी: मी पाहिली. अपेंडिक्सची मुलगी, दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसलेली, उलट्या. सगळे म्हणे भुलीमुळे. सोडियम पार घसरून ११८ झाल्याचा रिपोर्ट हातात पडला तेव्हा फिट चालू होती. ३ टक्के (जास्त मिठाच्या) सलाइनने थांबली.

वॉर्डातली सिस्टर: बाटलीवरून भांडताय, थेंब कोण मोजतं? मायक्रोड्रिपचे (बारीक थेंबांच्या सेटचे) ६० थेंब म्हणजे १ मिली, म्हणून ताशी ४० मिली म्हणजे मिनिटाला ४० थेंब. पोरगं कोपर वाकवतं, थेंब बंद. सरळ केलं की धावतात. ब्युरेट सेट (मापाची नळी असलेला) मागावा तर मोठ्यांचा २० थेंबांचा सेट हातात देतात. पंप सगळ्या वॉर्डात एक!

जुना बालरोग: सिस्टर, हा विषय वेगळा आहे.

वॉर्डातली सिस्टर: वेगळा कसा? अर्धी बाटली तासाभरात गेली तर तुमचं सूत्र कुठे राहिलं?

एक आई: माझं बाळ ओआरएस पीत होतं, तरी सुई टोचली. चार वेळा शीर शोधली.

रात्रपाळी: पीत असेल तर ४ तासांत किलोमागे ७५ मिली चमच्याने पाजावं. पण सलाइनचा हट्ट पालकच धरतात.

एक आई: मी नव्हता धरला. दोष आमच्या माथी मारू नका!

जुना बालरोग: ऑपरेशननंतर आयसोटॉनिक, एवढं मान्य. बाकी मुलांत सोडियम बघूनच ठरवेन.

वॉर्डातली सिस्टर: आणि पंपाची मागणी कोण लिहिणार, तेही ठरवा.