सोनेरी लाव्यांची अंडी का वाया जातात

सोनेरी नर-मादीच्या जोडीची बरीच अंडी फुटत नाहीत, असे आपण मला लिहून कळवले आहे. जपानी लाव्यांत पिवळा-सोनेरी रंग देणारे जनुक प्रबळ आहे, म्हणजे ते एकाच पालकाकडून आले तरी तो रंग दिसतो; पण ते आई आणि बाप अशा दोघांकडून आल्यास गर्भ अंड्यातच मरतो, म्हणजे अशा जोडीची सुमारे पाव फलित अंडी हकनाक जातात. म्हणून सोनेरी पक्ष्याला हे जनुक नसलेला तपकिरी, रानरंगाचाच (रानातल्या लाव्यासारख्या मूळ रंगाचा) जोडीदार द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आपल्या रत्नागिरीकडच्या दमट पावसाळ्यात पिल्लांखालचा भाताचा तूस ओलावताच बदलावा, पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश ऊब राखावी, आणि पाण्याच्या ताटलीत खडे अवश्य घालावेत, कारण एवढीशी पिल्ले बोटभर पाण्यातही बुडतात.