अनुभव धागा: परदेशात शिकताना पार्टटाइम काम कसं मिळवलंत?

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: काम मिळेल ना? ज्यांनी स्वतः शोधलंय आणि केलंय, त्यांनीच लिहावं. देश, काम, ते कसं मिळालं आणि व्हिसाचे तास कसे सांभाळले, एवढं नक्की सांगा. पार्टटाइमवर फी निघेल या हिशेबाने कुणी कर्ज कमी काढत असेल, तर कळकळीने सांगते, तसं करू नका. रोजच्या खर्चाला हातभार लागतो, फी निघत नाही.

अमेरिका, विद्यापीठाची लायब्ररी

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पहिल्या वर्षी कॅम्पसबाहेर काम करता येत नाही आणि कॅम्पसवर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासच. त्यामुळे सुरुवातीला सगळेच जॉब पोर्टलवर तुटून पडतात. मीही अर्ज टाकले होते, पण काम मिळालं ते लायब्ररीच्या काउंटरवर जाऊन विचारल्यामुळे. सेमिस्टर मध्यावर आलं की अभ्यास झेपेना म्हणून काही जण काम सोडतात, तेव्हा जागा निघतात. तिथल्या बाईंनी पुस्तकांची ट्रॉली पुढे केली आणि क्रमाने लाव म्हणाल्या. त्यात मेख अशी की पुस्तकांवरचे क्रमांक दशांशात असतात, म्हणून .१५ चं पुस्तक .२ च्या आधी येतं. नुसतं १५ आणि २ वाचलं की क्रम चुकतो. माझी ट्रॉली बरोबर लागली आणि त्यांनी लगेच फॉर्म दिला.

पगारासाठी लागणारा सोशल सिक्युरिटी नंबर आधी काढायच्या मागे लागू नका. कामाचं पत्र हातात आलं की ते आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचं पत्र घेऊन जायचं.

जर्मनी

२०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातलं 'हिवी'चं काम, म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखालचं, त्यात मोजत नाहीत. ज्या विषयात मार्क चांगले पडले होते, त्याच विभागात ट्यूटर हवाय का म्हणून ईमेल केला. भाषा कच्ची असताना गोदामातलं काम लवकर मिळतं, पण पाठीचं भुस्काट पडतं. जर्मन सुधारा, कामाची निवड आपोआप वाढते.

ब्रिटन, मास्टर्स

इथे टर्ममध्ये आठवड्याला २० तास. आठवडा सोमवार ते रविवार, आणि दोन ठिकाणी काम असेल तर दोन्हीचे मिळून. मास्टर्सवाल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: उन्हाळ्यात प्रबंध लिहायचे महिने म्हणजे सुट्टी नव्हे. पदवीचे मित्र पूर्णवेळ काम करताना दिसतील, तुमचे २० तासच. फ्रीलान्सिंगही चालत नाही, घरबसल्या केलं तरी.

मी एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये भांडी धुवायला होतो. मालकाने वरच्या तासांचे पैसे रोख देतो म्हटलं. मी नकार दिल्यावर आधीच्या शिफ्टचे पैसेही लटकवले. तास मी रोज फोनमध्ये लिहीत होतो आणि रोटाचे, म्हणजे शिफ्टच्या वेळापत्रकाचे, फोटो काढत होतो. ते घेऊन स्टुडंट युनियनच्या सल्ला केंद्रात गेलो, त्यांनी पत्र लिहून दिलं, मग पैसे आले. असा माणूस तुमची गरज ओळखून असतो. पकडले गेलात तर तुमचा व्हिसा जातो, म्हणून वरचे तास कितीही पैशांना घेऊ नका.

जपान

विमानतळावर उतरतानाच कामाच्या परवानगीचा अर्ज दिला, रेसिडेन्स कार्डाच्या मागे शिक्का मिळाला. आठवड्याला २८ तास. पाचिंको, म्हणजे तिथले जुगारासारख्या खेळाचे अड्डे, किंवा बारबालांच्या ठिकाणी साफसफाईचं कामसुद्धा चालत नाही. कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, ग्राहकांशी बोलून माझं जपानी जेवढं सुधारलं तेवढं वर्गात नाही.

ऑस्ट्रेलिया, वृद्धांची सेवा

पंधरवड्याला ४८ तास, हा नियम जुलै २०२३ पासून. पंधरवडा म्हणजे सोमवारपासून सुरू होणारे कुठलेही १४ दिवस. एका आठवड्यात ३० तास केले, तर मागच्या आणि पुढच्या, दोन्ही आठवड्यांत १८ च्या वर जायचं नाही. मी हे वहीत मांडून मगच शिफ्टला हो म्हणते. परीक्षेच्या आठवड्यात कमी शिफ्ट हव्यात हे मुलाखतीतच सांगितलं होतं, मॅनेजरने ते पाळलं. पगार बुडवला गेला तर 'फेअर वर्क ऑम्बड्समन'कडे, म्हणजे कामगारांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, जा. व्हिसावरच्या कामगारालाही स्थानिकांइतकेच हक्क आहेत.

धागा काढणारी

कॅनडातून कुणी आहे का? नोव्हेंबर २०२४ पासून कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास झालेत. त्यानंतर तिथे काम शोधलेल्यांनी जरूर लिहा, विशेषतः छोट्या गावांतल्या कॉलेजांमधून. माझी भाची तिकडेच निघाली आहे.