प्रयोगशाळेबाहेरचाही प्रयोगच

'प्रयोगशाळेत होतो तोच खरा प्रयोग, बाहेर होतं ते नुसतं निरीक्षण' असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. संशोधकाने एखादी गोष्ट मुद्दाम बदलली का, यावर प्रयोग ठरतो, जागेवर नाही.

१९६९ साली प्रसिद्ध झालेला मानसशास्त्रज्ञ पिलियाव्हिन आणि सहकाऱ्यांचा न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतला प्रयोग घ्या. धावत्या डब्यात संशोधकांचाच एक माणूस मुद्दाम कोसळतो. कधी हातात काठी, कधी अंगाला दारूचा वास. काठीवाल्याला ६५ पैकी ६२ वेळा लोकांनी आपणहून मदत केली, दारू प्यायलेल्याला ३८ पैकी १९ वेळा. प्रवाशांना प्रयोगाचा पत्ताच नव्हता, म्हणून वागणं अस्सल. पण त्यांची संमतीही नव्हती, आणि ते मला फार खटकतं.

आता आपल्याकडे पुण्यात गोंगाटाच्या कर्वे रस्त्यालगतच्या आणि आतल्या शांत गल्लीतल्या शाळांमधल्या मुलांची एकाग्रता ताडून पाहिली, तर तो अर्धप्रयोग, म्हणजे ज्यात गट आधीच पडलेले असतात, संशोधकाने चिठ्ठ्यांनी पाडलेले नसतात. मुलं काही चिठ्ठ्या टाकून शाळांत वाटलेली नसतात. घरची परिस्थिती, शिकवण्या, सगळंच वेगळं. फरक दिसला तरी 'गोंगाटामुळेच' असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. तिथे मात्र प्रयोगशाळा हवी: चिठ्ठ्यांनी दोन गट पाडायचे, एकाला हॉर्नचं रेकॉर्डिंग ऐकवायचं, दुसऱ्याला शांतता द्यायची.