थेरपीत नुसतं खेळतात आणि आम्हाला काहीच सांगत नाहीत, हे असंच असतं का?

गोंधळलेली_आई:
मुलगी ९ वर्षांची. धाकटा झाल्यापासून शाळेची वेळ झाली की पोटात दुखतं, सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही, मग डॉक्टरांनीच चाइल्ड सायकोथेरपिस्टकडे पाठवलं. या बाई सायकोअ‍ॅनॅलिटिक पद्धतीने, म्हणजे मनात दडलेलं समजून घ्यायच्या पद्धतीने, काम करतात. दर आठवड्याला ठरलेला वार, ठरलेली वेळ, ५० मिनिटं दार बंद. काय केलंस विचारलं तर "खेळले". बास! बाई म्हणतात ती काय बोलली ते सांगणार नाही, तुम्हा दोघांना वेगळी वेळ देते. आणि त्या वेळेत प्रश्न आम्हालाच, बाळंतपण कसं गेलं, लहानपणी तुमचं तुमच्या आईशी कसं होतं... नवरा म्हणतो पोटदुखी पोरीची आणि उलटतपासणी आपली. खेळायचंच तर घरी काय खेळणी कमी आहेत? खरं सांगा, उपयोग होतो का याचा?

खेळघर:
मी याच कामात आहे म्हणून जरा लांबलचक लिहिते. मोठा माणूस मनात येईल ते बोलतो, लहान मूल तसं समोर बसून बोलत नाही, ते खेळतं. मेलनी क्लाइन या मनोविश्लेषक बाईने १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये खेळालाच बोलणं मानून काम सुरू केलं. छोटी माणसं, प्राणी, गाड्या, कागद, कात्री, आणि प्रत्येक मुलाचा खण वेगळा, कुलूप लावलेला. आजही बरेच जण प्रत्येक मुलाचा वेगळा डबा ठेवतात, दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. एखादं मूल दर वेळी बाळबाहुलीला गाडीखाली घालतं आणि लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलावतं. घरी आपण म्हणणार "असं नाही करायचं गं बाळाला". तिथे कुणी ओरडत नाही, बाळ नकोसंही वाटतं आणि त्याला काही होईल याची भीतीही वाटते हे थेरपिस्ट हळूच तिच्यासमोर मांडते. कधी मांडायचं, किती, हीच खरी मेख. तुमची मुलगी हेच खेळते असं मी म्हणत नाहीये हं.

आईवडिलांना विचारणं तर पहिल्यापासून आहे. ही पद्धत सुरू करणाऱ्या फ्रॉइडने १९०९मध्ये छापलेली छोट्या हान्सची केस बघा, घोड्यांना घाबरणारा ५ वर्षांचा मुलगा, त्यालाही धाकटी बहीण झालेली, आणि उपचार बहुतेक वडिलांनीच केले, फ्रॉइड त्यांना सांगत होता. बाकी गुपित म्हणजे सगळंच गुपित नाही, मुलाच्या जिवाला धोका किंवा कुणी त्रास देतंय असं दिसलं तर सांगावंच लागतं. ही हद्द कुठे ते बाईंना स्पष्ट विचारा.

कानटोपी:
आमचा टीनएजर आहे, त्याला खेळणी वगैरे काही नाही. सुरुवातीला हुडी डोळ्यांपर्यंत ओढून गप्प बसायचा म्हणे (हे त्यानेच नंतर सांगितलं) आणि थेरपिस्टही घाई करायचे नाहीत. मधेच जायचा बंद झाला तरी त्याची वेळ दुसऱ्याला दिली नाही, त्याचं त्याला फार अप्रूप वाटलं. घरी मात्र आधी चिडचिड वाढली होती, तयारी ठेवा. आणि गाडीत बसल्या बसल्या "काय झालं आज" विचारणं सोडा, हे कठीण आहे, माहितीये मला.

शंकेखोर:
थोडा विरोधी सूर लावतो. इंग्लंडमध्ये डिप्रेशन असलेल्या ११ ते १७ वयाच्या ४६५ मुलांवर मोठी ट्रायल झाली, निकाल २०१७मध्ये छापून आले. शॉर्ट टर्म सायकोअ‍ॅनॅलिटिक थेरपी, सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) आणि एक साधी, थोडक्यातली मदत, तिन्हींत मुलं सुधारली, कुठली एक सरस ठरली नाही. म्हणजे ही पद्धत थोतांड नाही, पण जादूही नाही. आणि तो निकाल मोठ्या मुलांच्या डिप्रेशनचा, तुमच्या केसला जसाच्या तसा लावू नका. लहान मुलांच्या भीती-काळजीवर सीबीटीचा अभ्यास जास्त झालाय. म्हणून बाईंना विचाराच, फरक पडतोय का ते कधी आणि कशावरून बघायचं? आणि तोवर शाळा सुटू देऊ नका, अर्धा दिवस का होईना जाऊ दे, घरी राहायची सवय लागली की परत पाठवणं अवघड.

गोंधळलेली_आई:
सगळ्यांचे आभार. हान्सचं नवऱ्याला वाचून दाखवलं तर म्हणे मग मीच करतो ट्रीटमेंट 😄 शुक्रवारी आमची दोघांची वेळ आहे, तेव्हा रिव्ह्यूचं आणि त्या हद्दीचं दोन्ही विचारते. बाई सुट्टीवर जाणार असतील तर मुलीला आधी सांगायचं का?

खेळघर:
हो, पण ते बाई स्वतःच सांगतील, बऱ्याच आधी. सुट्टीच्या सुमारास पोटदुखी वाढली तर तेही त्यांना कळवा.